मदत हवी आहे: गारेतली वलयं म्हणजे तिच्या ढगातल्या फेऱ्या का?

माळव्याची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. परवा दुपारी एकदम अंधारून आलं आणि बोराएवढ्या गारांनी झोडपून काढलं. गच्चीवरचे पापड कसेबसे वाचले, मोगऱ्याची कुंडी गेली. राजवाड्याजवळ राहणाऱ्या आत्याबाईंना फोन केला, तर तिकडे नुसता शिडकावा!

लेकीने त्यातली एक टपोरी गार उचलली आणि तापवलेल्या उलथन्यावर धरून अर्धी वितळवली. कापलेली बाजू छान दिसत होती: मधोमध दुधाळ ठिपका, भोवती नितळ कडं, त्यावर पुन्हा दुधाळ थर. शिकवणीतल्या सरांनी सांगितलंय की गार ढगात खाली-वर हेलपाटे घालते आणि दर खेपेला एक थर चढतो. मग थर मोजले की फेऱ्या कळतात का? आणि उन्हाचा कहर मे महिन्यात, तर गारा फाल्गुनातच का? सोप्या भाषेत सांगा, मला दहावीत विज्ञानाला जेमतेम मार्क होते.

ढगवेडा:
ताई, उलथन्याची युक्ती झकास.

फेऱ्यांची गोष्ट जुनी आहे, अजून सगळीकडे शिकवतात. एखादी गार खाली येऊन पुन्हा वर उचलली जातेही, पण बऱ्याच गारा वर चढणाऱ्या वाऱ्याच्या झोतातून एकदाच आडव्या-तिरप्या जाताना वाढतात. त्यामुळे थर मोजून फेऱ्या कळत नाहीत.

ढगात शून्याच्या खाली गेलेलं सगळंच पाणी गोठत नाही. बारीक थेंबांना गोठायला धुळीचा कण वगैरे काही आधार लागतो. तो नसला तर उणे ३० अंशांतही ते पाणीच राहतात. बर्फाचा कण त्यांना भिडला की ते त्याच्यावर गोठतात आणि गार वाढते. थंडी कडक आणि पाणी बेताचं असेल तर थेंब आदळताक्षणी गोठतो, हवेचे बुडबुडे आत अडकतात, थर दुधाळ होतो. पाणी भरपूर असेल तर गोठताना बाहेर पडणारी उष्णता पटकन निघून जात नाही. पाणी गारेवर पसरतं, सावकाश गोठतं, बुडबुड्यांना निसटायला वेळ मिळतो. ते तुमचं नितळ कडं. म्हणजे वलयं सांगतात ती वाटेत किती पाणी आणि किती थंडी भेटली ते.

वाऱ्याला वजन पेलेनासं झालं, किंवा गार झोताबाहेर गेली, की ती पडते. सेंटीमीटरभराची गार ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, मोठी कितीतरी जोरात. बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी १.०२ किलोची गार पडल्याची नोंद आहे. तिला तोलून धरणारा झोत काय असेल!

आता फाल्गुन. त्या सुमारास पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, येतात, वरची हवा गार करतात. खाली उन्हाने तापलेली जमीन आणि जोडीला समुद्राकडची ओल. वर-खाली तापमानाचा फरक वाढला की झोत जोर धरतो. शिवाय शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीच्या वर तापमान शून्याखाली जातं ती, तेव्हा खाली असते, गारेला वितळायला वाट कमी मिळते. मे मध्ये आपल्याकडे ऊन रग्गड, पण हवा कोरडी. बरेचदा धूळ उडते, गडगडतं आणि थेंब वाटेतच सुकतात. पावसाळ्यात ओल भरपूर, पण शून्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर, झोतही सहसा एवढा जोरकस नसतो. छोट्या गारा उतरेपर्यंत पाणी होतात.

आत्याबाई वाचल्या कारण जोरदार झोत काही किलोमीटरच रुंद असतो. वादळ सरकतं तसा गारांचा पट्टा उमटतो, आणि राजवाडा त्या पट्ट्याबाहेर राहिला.

शेतकरी_राऊ:
कुणाचा गहू किंवा हरभरा आडवा झाला असेल आणि पंतप्रधान पीक विमा घेतला असेल, तर ७२ तासांत कळवा. गारपीट त्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरतात. फोटो आजच काढून ठेवा, पंचनाम्याची वाट बघत बसू नका.

माळव्याची_सून:
ढगवेडा, मनापासून आभार, लेकीला वाचून दाखवलं. राऊवाले दादा, दिरांना लगेच कळवते, त्यांचा गहू ओंबीवर होता. लेकीने चार गारा डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवल्यात, सोमवारी सरांना दाखवायच्या म्हणते. टिकतील का तोवर?

ढगवेडा:
टिकतील, पण उघड्या डब्यात झिजतात, एकमेकींना चिकटतातही. एकेक गार वेगळ्या पिशवीत घट्ट बांधा. आणि आधी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा; वीज गेली तर तेवढाच पुरावा.