मदत हवी आहे: टीएलएच जनुकाची पट्टी दुसऱ्या व्हिब्रिओतही दिसतेय

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या जुवारी नदीतल्या तिसऱ्यांमधून (शिंपल्यांमधून) व्हिब्रिओ जीवाणू वेगळे करून पीसीआरने (जनुकाच्या प्रती काढणाऱ्या चाचणीने) त्यांची जात ओळखतेय. टीएलएच म्हणजे फॉस्फोलायपेज बनवणारं जनुक, पॅराहिमोलिटिकस या व्हिब्रिओच्या जातीची ओळखखूण मानलं जाणारं. पण टीसीबीएस या व्हिब्रिओ वाढवायच्या माध्यमावरच्या पिवळ्या वसाहतींतही (बहुधा अल्जिनोलिटिकस ही दुसरी जात) जेलवर या जनुकाची पट्टी जिथे दिसायला हवी तिथेच, म्हणजे ४५० बेसजोड्यांपाशी (डीएनए तुकड्याची लांबी), फिकट पट्टी येते. पॅराहिमोलिटिकस तर हिरवा वाढतो! दोनदा शुद्ध करून पाहिलं, पट्टी तशीच. अल्जिनोलिटिकसमध्ये मिळतंजुळतं जनुक असतं हे माहीत आहे, म्हणून भेसळीपेक्षा त्याचाच संशय जास्त.

अ‍ॅनीलिंग (प्रायमर, म्हणजे जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटण्याचं तापमान) ५८ अंशांवरून वाढवू, की थेट सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचायला) पाठवू? इतर व्हिब्रिओंतही हे जनुक शोधायचंय. जीडीएसएल भागावर (अशा एन्झाइमांत सारख्या राहणाऱ्या भागावर) डीजनरेट (क्रमातले थोडे फरक चालवून घेणारे) प्रायमर कुणी बेतलेत का? तिसऱ्या आमच्या घरोघरी शिजतात, चुकीचं नाव लिहायचं नाहीये.