रोजच्या चालण्याफिरण्यासाठी कोणता फिटनेस बँड? इंदूरकरांनो, आपापले अनुभव सांगा

टिळकनगरहून लिहितेय. सासरे ७२ वर्षांचे आहेत, रोज पहाटे फिरायला जातात. गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून विचारलं, "अगं, तो पावलं मोजणारा पट्टा मला चालेल का?" म्हणून जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये चौकशी करून आले. दुकानदार एका पट्ट्यात शंभराच्या वर खेळांची नोंद होते म्हणून सांगत बसला. बाबांना त्यातला एकही खेळ खेळायचा नाही. त्यांना चालायचं आहे, आणि किती चाललो ते कळायला हवं आहे.

माझ्या हातात दोन वर्षांपासून एक साधा बँड आहे. घेतल्यावर नेहरू पार्कमध्ये मनातल्या मनात मोजत ५०० पावलं चालले, त्याने ४८८ दाखवली. त्यावर मी खूश होते. पण घरकामाच्या दिवशी तो काय मोजतो, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. तेव्हा मॉडेलची नावं सांगाच, पण आधी तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. हात दिवसभर काय करतात, चार्जिंग कधी करता, आणि पट्टा काढून ठेवावासा वाटला तो कशामुळे?

रामबाग, तबला शिकवतो

ताई, हात काय करतात असं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. पहिल्या दिवशी शिकवण्या संपल्या तेव्हा पट्ट्यावर ९,२०० पावलं होती, आणि दुपारपासून मी सतरंजीवरून उठलोही नव्हतो. आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. हाताला ठरावीक लयीत झोके बसले की तो त्यांना पावलं समजतो. विलंबित ठेक्याला विशेष फरक पडत नाही. पण मध्य लयीतला कायदा (तबल्यावरची एक बोलरचना), ज्याची चाल माणसाच्या चालण्याशी जुळते, तो धरला की आकडा भराभर चढतो. हात बदलूनही पाहिला. डग्ग्यावर मनगट टेकलेलं असतं, त्यामुळे डाव्या हातावर आकडा कमी चढतो, पण चढतोच.

शेवटी पट्ट्यातून डबी सुटी निघते असं मॉडेल घेतलं. रियाजाला काढून ठेवतो, फिरायला जाताना डबी पँटच्या खिशात टाकतो. खिशातली मोजणी मला मनगटापेक्षा खरी वाटली. हाताने लयीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग ते पोळ्या लाटणं असो की शिवणकाम, घेण्याआधी हे करून बघावं.

सुदामानगर, शाळेत शिकवते

माझं नेमकं उलटं. चोइथराम मंडीतून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन निघाले की हात हलत नाहीत, आणि पट्ट्याच्या लेखी मी जवळजवळ उभीच असते. तेवढंच अंतर मोकळ्या हातांनी चालून पाहिलं तर पावलं दुपटीला टेकली. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना तेच, नातवाची बाबागाडी ढकलतानाही तेच. आणि स्कूटरवर खड्डे लागले की बसल्या जागी पावलं मिळतात! फळ्यावर लिहिण्याचा हात उजवा, म्हणून मी डाव्या हातात घालते. त्याने बरंच निस्तरलं.

विजयनगर, फिजिओथेरपिस्ट

हा धागा वाचणाऱ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एप्रिल २०२१. आई घरातच विलगीकरणात होती. दाराबाहेरून मी दर दोन तासांनी विचारायची, "आई, पट्टा काय म्हणतो?" ती सांगायची, ऑक्सिजन ९६, ९७. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बोलता बोलता तुटायला लागला. शेजाऱ्यांकडून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणला. ८८. बोट बदललं, हात चोळून गरम केला, तरी ८८. पट्ट्यावर त्याच क्षणी ९६ होतं. दोन तासांत तिला दाखल केलं, आणि ती बरी होऊन घरी आली. तो पट्टा मी ठेवलाय. मधे एकदा गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहिला, तर त्याने टॉवेलचेही ७८ ठोके दाखवले.

कारण समजून घ्या. मनगटावर हिरवा प्रकाश टाकतात. रक्त तो प्रकाश शोषून घेतं, आणि दर ठोक्याला परतणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. शांत बसलेल्या माणसाचे ठोके चांगले बँड बऱ्यापैकी नीट देतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश लागतो, आणि बोटापेक्षा मनगटावरून ते मोजणं फार अवघड असतं. बोटाच्या यंत्रात प्रकाश आरपार जातो, मनगटावर तो फक्त उलटून येतो. रक्तदाबाचं म्हणाल तर दंडाला पट्टी बांधून हवा भरणारं यंत्र घरात ठेवा. हजार-दीड हजाराच्या बँडवर दिसणाऱ्या रक्तदाबाच्या आकड्यावरून गोळी कमीजास्त करणारे पेशंट मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. बाबांसाठी घेताना ऑक्सिजन आणि बीपी या दोन गोष्टींसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

पट्टा मनगटाच्या हाडावर नको, त्याच्या बोटभर वर बांधा. ढिला असेल तर आत बाहेरचा उजेड शिरतो.

राजेंद्रनगर, बँकेतून निवृत्त

फिजिओताईंना दुजोरा. माझी २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ठोके मंद ठेवणारी गोळी चालू आहे. बँड २२० वजा वय असा हिशेब करतो, म्हणजे माझ्या ६६व्या वर्षी जास्तीत जास्त १५४. गोळीमुळे माझे ठोके तिथवर जातच नाहीत. मला धाप लागलेली असते आणि पट्टा लिहितो "हलका व्यायाम", म्हणजे अजून जोर लावा! एकदा तसा जोर लावला आणि घाबरून बाकावर बसलो. डॉक्टरांनी सोपं माप दिलं: चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आता बँडवर मी फक्त सकाळी उठल्यावरचे ठोके आणि चाललेली मिनिटं बघतो.

आणि ते १०,००० पावलांचं ओझं बाबांवर घालू नका. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं माप. तिथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि ज्येष्ठांना त्यासोबत तोल सांभाळण्याचे व्यायाम. ज्या बँडमध्ये पावलांचं ध्येय आपल्याला बदलता येतं तोच घ्या. मी ५,५०० ठेवलंय, आणि ते पूर्ण झालं की मनगटाला जो हलका कंप जाणवतो त्याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

सुपर कॉरिडॉर, आयटी

मी पळतो, त्यामुळे माझी गरज वेगळी. पिपल्यापाला तलावाकाठी फोन न घेता पळायचं, म्हणून आतच जीपीएस असलेलं घड्याळ घेतलं. खोक्यावर नुसतं "जीपीएस" लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा ते फोनच्याच जीपीएसवर चालतं, फोन घरी ठेवला की नकाशा कोरा. माझं घड्याळ दोन दिवसांत चार्जिंग मागतं, बायकोचा बँड बारा दिवस जातो. फिरणाऱ्या माणसाला जीपीएसची गरज नाही.

काकांसाठी दुकानाबाहेर उन्हात येऊन पडदा वाचता येतो का ते बघा. आणि स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून बघा. माझ्या आधीच्या बँडवर आईचा निरोप यायचा तो नुसते चौकोन-चौकोन होऊन.

वैशालीनगर, गृहिणी

उन्हाळ्यात पट्ट्याखाली लाल चट्टे उठले. भांडी घासताना साबण आत राहायचा. आता रोज रात्री काढून धुते, कोरडा करते, कापडी पट्टा लावलाय. चट्टे गेले. ५ एटीएम (पाण्याचा दाब किती सोसतो त्याचं माप) लिहिलेला बँड पाण्यात चालतो, पण गरम पाण्याच्या वाफेत नेऊ नका, दुकानदार हे सांगत नाहीत.

चार्जरबद्दलही सांगते. माझ्या पहिल्या बँडचा चुंबकाचा चार्जर तुटला, आणि तसा दुसरा इंदूरभर मिळाला नाही. कंपनीला तीन मेल केले, उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालंय. चालता बँड खणात पडला. घेतानाच सुटा चार्जर मिळतो का विचारा.

स्नेहलतागंज

अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला रात्रभर पायी होतो. पहाटे बघतो तर २,३०० पावलं. बाराला दिवस बदलला आणि आकडा शून्यावरून सुरू झाला! आदली पावलं अ‍ॅपमध्ये जपलेली असतात, घाबरू नका.

टिळकनगरहून पुन्हा मी

सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. फिजिओताईंच्या आईंच्या आठवणीपाशी ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ऑक्सिमीटर घरात आहे ना, त्याचे सेल बदल."

रविवारी दोघं मिळून गेलो. मोठे आकडे, ध्येय बदलता येणारा, जीपीएस नसलेला, सुटा चार्जर मिळणारा एक बँड काढायला लावला. बाबा दुकानाबाहेर उन्हात गेले, गल्लीत मोठ्याने मोजत २०० पावलं चालले. पट्ट्याने १९६ धरली. मराठी मेसेज नीट उमटला. मग पिशवी हातात घेऊन पुन्हा २०० चालले, ती १३० भरली, तर म्हणाले, "भाजी आणीन तेव्हा खिशात ठेवीन."

घरी आल्यावर कॅलेंडरच्या खिळ्याला चार्जर अडकवलाय. बॅटरी पंधरवडाभर पुरते, म्हणून दर एकादशीला चार्जिंग करायचं असं त्यांनी ठरवलं आहे.