पिकअपच्या हौद्यावर कॅनोपी: ठिबकचे सामान आणि गडाखालचा मुक्काम, दोन्ही साधायचे आहेत

मखमलाबादकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकजवळ मखमलाबादला राहतो आणि दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत ठिबक सिंचनाच्या जोडणीची व दुरुस्तीची कामे करतो. गेल्या वर्षी दुहेरी केबिनचा पिकअप घेतला. आठवड्याचे पाच-सहा दिवस मागच्या उघड्या हौद्यात १६ मिलिमीटर लॅटरलची (पिकाच्या ओळीने पसरायच्या ठिबक नळीची) बंडले, डिस्क फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून घेणारे साधन), जोडसामानाच्या पेट्या आणि हत्यारे असतात. द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यांच्या आगेमागे तर हौदा रिकामा असा राहतच नाही. सुटी मिळाली की मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघे साल्हेर, हरिहर या गडांखाली किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला तंबू घेऊन मुक्कामाला जातो.

आतापर्यंत ताडपत्री आणि दोरीवर निभावले. परंतु पावसात ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचा डोह साचतो, आणि रात्री गाडी दारात उभी असली तरी पितळी व्हॉल्व्हची पेटी उतरवून घरात घ्यावी लागते. म्हणून हौद्यावर कायमची, कुलूप लागणारी कॅनोपी (हौदा वरून आणि बाजूंनी बंद करणारे पेटीसारखे टणक झाकण) बसवण्याचा विचार आहे. माझ्यासमोर तयार फायबरची, ॲल्युमिनियमची, आणि अंबडला बनवून घेता येईल अशी लोखंडी पत्र्याची, असे तीन पर्याय आहेत. उंची केबिनच्या टपाइतकी ठेवावी की अर्धा फूट जास्त, बाजूच्या काचा उघडणाऱ्या घ्याव्यात की बंद, आणि हौद्यातच झोपण्याची सोय होऊ शकते का, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. हौदा आतून साधारण दीड मीटर लांब आहे.

बागलाणवाट

मी सहा वर्षे फायबरची कॅनोपी वापरतो आहे. माझे सांगणे एवढेच, की रंग, काचा आणि आकार यांकडे नंतर पाहा. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. नेहमीच्या मुक्कामाचे सगळे सामान भरा, तिघेही गाडीत बसा, डिझेलची टाकी पूर्ण असू द्या आणि काट्याची पावती घ्या. गाडीला मान्य असलेल्या एकूण वजनातून तो आकडा वजा केला की जे उरेल, तेवढ्यातच कॅनोपी बसवायची आहे. पिकअप दिसायला दांडगा असतो, म्हणून आपण समजतो की काहीही पेलेल. परंतु माणसांचे वजनही त्याच हिशोबात धरलेले असते, आणि वीस लिटर पाण्याचा एक कॅन म्हणजे वीस किलो. फायबरची कॅनोपी साधारण साठ ते नव्वद किलोंच्या दरम्यान भरते, आणि हे वजन गाडी रिकामी असली तरी रोज अंगावर असते.

दुसरी गोष्ट धुळीची आहे, आणि विकणारे याविषयी बोलत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही सटाण्याहून ताहाराबादमार्गे साल्हेरवाडीला गेलो, तेव्हा शेवटचा रस्ता उखडलेला होता. पोहोचल्यावर मागची काच उचलली, तर अंथरुणांवर पिठासारखा तांबूस थर बसलेला होता. मुलाच्या दप्तराच्या चेनच्या दातांतसुद्धा माती भरली होती. कॅनोपीच्या काचा तर घट्ट बंद होत्या. नंतर कारण कळले. गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे उडालेली धूळ फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या दाराच्या) फटींतून आत ओढली जाते. कॅनोपी कितीही चांगली असली तरी फाळका हा गाडीचा भाग आहे, आणि त्याच्या खालच्या व बाजूच्या फटी कारखान्यातून उघड्याच येतात. मी तिथे आतून पोकळ रबराची पट्टी लावून घेतली आणि टपावर पुढच्या बाजूला तोंड असलेली छोटी झडप बसवली, जिच्यातून धावताना स्वच्छ हवा आत रेटली जाते. तेव्हापासून डबे नुसते पुसले तरी चालते. पावसात ती झडप आठवणीने बंद करावी लागते.

पाण्याचेही तसेच आहे. इगतपुरीच्या पावसात माझ्या कॅनोपीचे छत एक थेंबही गळले नाही, पाणी आले ते पुढच्या कोपऱ्यातून. हौद्याच्या कडेवर प्लास्टिकचे आवरण होते, ते न काढताच बसवणाऱ्याने वर रबर दाबून कॅनोपी ठेवली होती, त्यामुळे खाली काडीएवढी फट राहिली. तुम्ही ताबा घेण्यापूर्वी एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, बाहेरून पाइपने दहा मिनिटे पाणी मारा, आणि मगच उरलेले पैसे द्या.

झोपण्याविषयी: दीड मीटरमध्ये मोठा माणूस सरळ झोपू शकत नाही. फाळका आडवा टाकला की जवळपास दोन मीटर मिळतात, पण मग मागची बाजू उघडी राहते आणि तिथे कापडी पडदा शिवून घ्यावा लागतो. मी एकटा असलो की असे झोपतो. तुम्ही तिघे आहात, त्यामुळे तंबू जमिनीवरच असू द्या आणि हौदा सामानासाठी ठेवा. कोणी आत झोपलेच, तर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या हव्यात, नाहीतर पहाटे छताला दव धरून अंथरुणावर ठिबकते. आणि कितीही थंडी असो, शेगडी किंवा गॅस आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत ते कळतसुद्धा नाही.

अंबडचा फॅब्रिकेटर

वरच्या प्रतिसादातील वजनाच्या मुद्द्याला मी आकडे जोडतो, कारण हे माझे रोजचे काम आहे. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच अशी पेटी धरली, तर छत आणि चार बाजू मिळून सव्वापाच चौरस मीटर पत्रा लागतो. १.२ मिलिमीटर लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे साडेनऊ किलो भरतो, म्हणजे नुसता पत्राच पन्नास किलोंच्या घरात गेला. त्यावर चौकोनी पाइपचा सांगाडा, दरवाजे, बिजागऱ्या आणि कुलपे धरली की शंभर किलो सहज ओलांडले जातात. तीच पेटी २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची केली तर पत्रा अठ्ठावीस-एकोणतीस किलोंत बसतो. लोखंड स्वस्त पडते हे खरे, परंतु माझ्या हातची पेटी असूनही रोजच्या गाडीसाठी मी लोखंडाची शिफारस करणार नाही.

तुमच्या धंद्याचा विचार केला तर एक प्रश्न मला विचारावासा वाटतो. ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठी तुम्ही आम्ल घेऊन जाता का? हायड्रोक्लोरिक आम्लाचा कॅन बंद पेटीत ठेवला, तर झाकणाजवळून निघणाऱ्या वाफेने लोखंड, जस्ताचा मुलामा आणि ॲल्युमिनियम, तिन्ही खराब होतात. बिजागऱ्या आणि कुलपे सर्वांत आधी जातात. फायबर त्यामानाने चांगले टिकते. पण मुख्य गोष्ट ही, की जिथे आम्ल ठेवता तिथेच शनिवारी मुलीचे अंथरूण ठेवणार असाल, तर आधी त्याची वेगळी व्यवस्था करा.

बाजूच्या काचांविषयी माझे मत स्पष्ट आहे: वर उचलल्या जाणाऱ्याच घ्या. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातला फिल्टर काढण्यासाठी मागून गुडघ्यांवर रांगत जाणे पहिल्या आठवड्यात चालते, नंतर कंटाळा येतो. उंची केबिनच्या टपाएवढीच ठेवा. अर्धा फूट वाढवल्याने लॅटरलचे एखादे बंडल जास्त बसेल, पण वारा अडतो आणि कसारा घाटात ते स्टिअरिंगवर जाणवते.

बसवताना हौद्याच्या कडेला भोके पाडू देऊ नका. भोक पडले की रंग उडतो आणि तिथून गंज धरतो. आतून आवळणारे क्लॅम्प पुरतात, पण ते चारच लावून काम उरकले जाते; मी सहा लावतो, आणि चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलावून पुन्हा आवळतो, कारण रबर दबले की क्लॅम्प सैल होतात. बोलेरो कॅम्पर, व्ही-क्रॉस, हायलक्स या प्रत्येकाच्या हौद्याची कड वेगळी आहे, म्हणून 'सगळ्यांना बसते' असे सांगून कोणी माल दाखवला तर तो तुमच्या गाडीवर ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

गिरणाकाठ

कागदपत्रांविषयी थोडे लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून कॅनोपी घेण्यापूर्वी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. शक्यतो गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेली कॅनोपीच पाहा.

पीव्हीसी पाइपची नळी सहा मीटरची येते, ती या कॅनोपीत बसणार नाही. टपावर बांधून पुढे-मागे लोंबती ठेवू नका. मर्यादेबाहेर माल आल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे. केबिनच्या मागे वर असलेला ब्रेकचा दिवा कॅनोपीने झाकला जातो, तेव्हा कॅनोपीवर दिवा आहे आणि तो जोडलेला आहे, याची खात्री करा. टपावरच्या तंबूचा मोह असेल तर विक्रेत्याकडून दोन आकडे लिहून घ्या: गाडी उभी असताना छत किती वजन पेलते आणि धावताना किती. दुसरा आकडा पुष्कळ लहान असतो आणि घाटातल्या खड्ड्यांत तोच कामाचा.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मुक्कामाचे सगळे सामान भरून तिघे वजनकाट्यावर गेलो. कॅनोपीसाठी माझ्याकडे एकशे दहा किलो उरतात, त्यामुळे लोखंडी पत्रा बाद झाला आणि टपावरच्या तंबूचा विषयही संपला. आम्लाचा प्रश्न माझ्या ध्यानातच आला नव्हता. दोन कॅन नेहमी हौद्यातच असतात, आणि गेल्या भंडारदऱ्याच्या फेरीत मुलगी 'उशीला कसला तरी वास येतो' म्हणाली होती, ते आज आठवले आणि वाईट वाटले. यापुढे आम्ल ज्याच्या शेतावर लागेल त्याने दुकानातून थेट मागवावे, असे ग्राहकांना सांगायला सुरुवात केली आहे. लांब नळ्या तर आधीपासूनच दुकानदाराच्या टेम्पोने जातात.

केबिनच्या उंचीची, दोन्ही बाजूंना उचलणाऱ्या काचांची फायबरची कॅनोपी घ्यायचे ठरत आहे. आरटीओला अर्ज सोमवारी देतो. उत्तर येईपर्यंत बयाणा देणार नाही. एकच गोष्ट राहिली: फाळक्याला लावायची पोकळ रबराची पट्टी किती जाडीची घ्यावी? माझ्या फाळक्याची खालची फट करंगळी जाईल एवढी आहे, पण बाजूची जेमतेम नाण्याच्या जाडीची.

बागलाणवाट

खाली जाड आणि बाजूंना पातळ, अशा दोन वेगळ्या पट्ट्या घ्या. एकच जाड पट्टी सगळीकडे लावली तर फाळका बंद करताना जोर लावावा लागतो आणि कडीवर ताण येतो. चिकटवण्याआधी कड थिनरने पुसा, एक रात्र फाळका बंद ठेवून पट्टी दबू द्या, आणि खालच्या पट्टीत दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडा, म्हणजे हौदा धुतल्यावर पाणी बाहेर जाईल.