किंमत उतरवण्याआधी ओल तपासून घ्या

कॅरॅव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचं फिरतं घर) विकायची जाहिरात ऑक्टोबरपासून लावलीय, फोन येत नाहीत, तर किंमत आणखी उतरवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आत्ता नको. इथे ब्रिटनमध्ये थंडीत कॅरॅव्हॅन बघायला फारसं कुणी बाहेर पडत नाही. ईस्टर जवळ आला की चौकशा वाढतात.

तोवर ओल तपासणीचा ताजा अहवाल करून घ्या. जुन्या कॅरॅव्हॅनचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त घाबरतं ते ओलीला, आणि त्याचं बरोबरच आहे. सांध्यांतून, खिडक्यांच्या कडांतून पाणी झिरपतं, आतली लाकडी चौकट कुजत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. ओल मोजायच्या मीटरवर १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर तो थेट जाहिरातीत लिहा. २० च्या वर असेल तर तेही लपवू नका. दुरुस्तीचा अंदाज घेऊन मगच किंमत ठरवा.

टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ३२१९ म्हणजे टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने टायर बदललेले बरे.

कॅरॅव्हॅनला मोटारीसारखं लॉगबुक (सरकारी नोंदणीचा कागद) नसतं, म्हणून क्रिसची (CRiS, ब्रिटनमधली कॅरॅव्हॅनची नोंदवही) नोंद, मूळ बिल आणि सर्व्हिसच्या पावत्या एकत्र ठेवा. आणि न बघताच घेतो, न्यायला माणूस पाठवतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बघितल्याशिवाय किल्ली कुणाच्याही हातात देऊ नका.