व्हॅल्यू म्हणजे 'मूल्य'? (रंगांच्या संदर्भात)

शाईदौत
एका चित्रकला शिबिरासाठी सोळा पानांची पुस्तिका मराठीत करून देतेय. रेषा, आकार, पोत, अवकाश, तोल, लय इथवर गाडी सुरळीत आली. रंगांच्या पानावर अडली. वाक्य साधं आहे: झगझगीत पिवळ्याची व्हॅल्यू जांभळ्यापेक्षा जास्त असते. मी लिहिलं, "पिवळ्याचे मूल्य जांभळ्यापेक्षा जास्त असते." सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "पिवळा महाग असतो का गं?"
त्यांचं काहीच चुकलं नाही. इथे व्हॅल्यू म्हणजे रंग किती उजळ किंवा किती काळोखा, एवढंच. ह्यूला 'रंग' आणि क्रोमाला 'तीव्रता' चालून जाईल. व्हॅल्यूला काय लिहू?

रेघोट्या
छटा. विषय संपला.

शाईदौत
नाही ना संपत. 'हिरव्याकडे झुकणारी निळी छटा' म्हणतो तेव्हा रंगच बदललेला असतो. 'फिकी छटा' म्हणतो तेव्हा उजळपणा. एका शब्दाला किती कामाला लावायचं?

फळाखडू
ताई, मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोरं बसवली. आमच्याकडे याचे दोन भाग करून ठेवलेत. मूळ रंगात पांढरा मिसळला की रंगकांती, काळा मिसळला की रंगछटा. संकल्पचित्रात पोरं निळ्याच्या पाच पायऱ्या काढायची आणि खाली हेच लिहायची.

बोरूबहाद्दर
सर, माफ करा, पण आमच्या बाईंनी बरोब्बर उलटं शिकवलं होतं. पांढऱ्याने छटा, काळ्याने कांती. त्यावरून एक मार्क गेला होता म्हणून पक्कं लक्षात आहे.

फळाखडू
कांती म्हणजे तेज. काळा घालून तेज कुठून येणार? बाईंना विचारा.

बोरूबहाद्दर
बाई आता नाहीत, सर. पण 'काळी कांती' हा शब्दप्रयोग तुम्हीही ऐकला असेल. विठ्ठलाची काय गोरी आहे का?

पाणिनीचा शेजारी
आपल्याकडे चित्राची सहा अंगं सांगितलेली आहेत. 'रूपभेद प्रमाणानि भावलावण्ययोजनम्, सादृश्यं वर्णिकाभंग इति चित्रं षडंगकम्.' कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेतला श्लोक आहे हा. वर्णिकाभंग हे रंगाचंच अंग. घरात एवढं असताना दारोदार का हिंडायचं? त्याच धर्तीवर 'वर्णद्युती' घ्या.

रेघोट्या
वर्णद्युती वाचून शिबिरातली पोरं घरी जातील. शिवाय वर्णिकाभंग हे रंग हाताळण्याचं अख्खं अंग झालं, व्हॅल्यू ही त्यातली एक मोजायची गोष्ट. मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1905 मध्ये तिची मोजपट्टीच मांडली: काळा 0, पांढरा 10, मधे राखाड्या पायऱ्या. झगझगीत पिवळा 8 च्या आसपास बसतो, जांभळा बराच खाली.

पाणिनीचा शेजारी
'पोत' तरी पोरांनी शिकलाच ना?

रेघोट्या
अहो, पोत कापडवाल्याकडून आणि शेतकऱ्याकडून आलाय, टीकाग्रंथातून नाही. म्हणून तर टिकला.

उसवण
कापडाचं नाव निघालंच आहे तर. माझ्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं, मी गल्ल्यामागे बसून अभ्यास करायचे. तिथे ह्यूला तोटा नव्हता: आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोतिया, पारवा, श्रीखंडी, चटणी, विटकरी, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी. पण उजळ-काळोख्यासाठी बायका एवढंच म्हणायच्या, "हाच जरा डार्कमध्ये दाखवा." किंवा "जरा उतरत्यात आहे का?"
आणि एक शब्द अगदी नेमका होता: मळखाऊ. व्हॅल्यू मधली, क्रोमा कमी. शाळेच्या सहलीला जायचं तर आई मळखाऊ फ्रॉकच घालायची. मन्सेलला दोन आकडे लागले असते तिथे आईचं एका शब्दात भागायचं.

शाईदौत
मळखाऊ!! पुस्तिकेत घालावासा वाटतोय, पण ते एका ठिकाणच्या रंगांचं नाव झालं, मोजपट्टीचं नाही.

बोरूबहाद्दर
मराठीत हे काम वेगळा शब्द करत नाही, शेपूट करतं, असं मला वाटतं. हिरवट, हिरवागार. पिवळसर, पिवळाधमक. तांबूस, लालबुंद. काळपट, काळाभोर, काळाकुट्ट. त्यात पुन्हा पांढराशुभ्र कापडाला आणि पांढराफटक भ्यायलेल्या चेहऱ्याला. व्हॅल्यू कदाचित एकच असेल, पण अदलाबदल करून बघा.

फळाखडू
हे शेपूट क्रोमाचं आहे, व्हॅल्यूचं नाही. हिरवागार म्हणजे रसरशीत हिरवा. तो उजळ की काळोखा ते त्यातून कळत नाही.

चिंचगूळ
सर बरोबर बोलतायत. आमच्याकडे आजीच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो आहे. शालूचं अंग आणि काठ दोन्ही एकसारखे राखाडी, काठ कुठे सुरू होतो तेच दिसत नाही. लहानपणी वाटायचं, बिनकाठाचं लुगडं नेसून कशी उभी राहिली ही? मग एकदा ट्रंकेतून शालू निघाला. अंग तांबडं, काठ हिरवेगार. रंग एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, फोटोत मात्र एकजीव. त्या दिवशी व्हॅल्यू कळली, शब्द नंतर वीस वर्षांनी.

फळाखडू
वा! स्थिरचित्राला बसलेल्या पोरांना मी म्हणायचो, "डोळे बारीक करा आणि मडक्यावर उजेड किती आहे ते बघा, रंग विसरा." 'उजेड' लिहा की ताई.

पाणिनीचा शेजारी
'पिवळ्याचा उजेड जांभळ्यापेक्षा जास्त असतो.' हा दिवाळीचा निबंध आहे का? आणि 'विरुद्ध टोकाचे' काय, 'पूरक रंग' म्हणतात.

फळाखडू
चित्रकलेच्या वर्गात 'विरोधी' म्हणतात. विरोधी रंगसंगती.

पाणिनीचा शेजारी
विरोधी आहेत तर संगती कशी?

उसवण
दोन्ही खरं आहे हो. शेजारी ठेवले तर भांडतात, मिसळले तर एकमेकांना मारून राखाडी करतात. आजी आजोबांच्या धोतरांना नीळ द्यायची. पिवळट पडलेलं धोतर, बादलीत निळीची पुरचुंडी दोनदा हलवायची, पाणी आकाशी झालं की बास. जास्त झाली तर आजोबा निळे होऊन देवळात जायचे. पिवळ्याला निळ्याने मारलं, धोतर पांढरं. आता याला पूरक म्हणा नाहीतर विरोधी.

रेघोट्या
यातली गंमत बघा. पिवळटपणा निळा उजेड खात होता, नीळ पिवळा खाते. म्हणजे धोतरावरून परतणारा उजेड आणखी कमीच झाला. व्हॅल्यू उतरली, तरी डोळ्याला जास्त पांढरं!

शाईदौत
हे उदाहरण मी चोरतेय. पण शब्द?

बोरूबहाद्दर
निळीवरून आठवलं. अनिलीन रंगांचं नाव आपल्या 'नील'वरूनच पडलंय, अरबीतून फिरून युरोपात गेलं.

पाणिनीचा शेजारी
तरी आपण 'डार्कमध्ये दाखवा' म्हणतो. आणि वर दिलेल्या साडीच्या यादीतला अनार, अंजीर सगळा फारसी माल.

बोरूबहाद्दर
अनार नाही, डाळिंबी लिहिलंय त्यांनी, आणि ते दाडिमाचं आहे. फारसी हवा असेल तर किरमिजी घ्या. पण त्याच्या मुळाशी रंग देणारा किडा आहे. फारसीतला 'किर्म' आणि संस्कृतातला 'कृमी' एकाच गोत्रातले. इंग्रजांचा क्रिमसनही तिथलाच. कुणाकुणाला घराबाहेर काढणार?

पाणिनीचा शेजारी
निदान 'लाल'ला. चांगला ताम्रापासून आलेला तांबडा आहे.

चिंचगूळ
मी तांबडंच लिहिलं होतं, बघा वर.

माडाखाली
आमच्या गोव्यात तांबडी भाजी, तांबडी सुर्ला. लाल फक्त सिग्नल.

रेघोट्या
कोल्हापुरात जाऊन 'लाल रस्सा' मागून दाखवा कुणीतरी.

उसवण
पण दिवा लालच. आणि पहाटे तांबडं फुटतं, लाल नाही. मला वाटतं तांबडा मातीचा आणि आकाशाचा, लाल विकत आणलेला.

माडाखाली
मग तांबडा भोपळा विकत आणला की लाल होतो का?

शाईदौत
मंडळी, पुस्तिका उद्या सकाळी छापायला जाते. तूर्त वाक्य असं केलंय: "डोळे बारीक करून पाहिलं तर पिवळा जांभळ्यापेक्षा उजळ दिसतो." शब्दच टाळला. पण पुढच्या पानावर मथळाच 'व्हॅल्यू' आहे, तिथे टाळता येत नाही. निळीचं धोतर घेतलंय.

फळाखडू
'उजेड' बघा अजून एकदा.

रेघोट्या
तांबड्या भोपळ्याला विदर्भात काय म्हणतात?