१५ जणांची सहल, तिघे व्हेगन : नाशिक–त्र्यंबक–वणी दोन दिवस जेवणाचं कसं जमवायचं?

कॉलेजरोडकर
शनिवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर निघतेय. १५ जण, त्यात तिघे व्हेगन, म्हणजे दूध-तूप-मधासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे. शनिवारी मिसळ, मग त्र्यंबकेश्वर, संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला एखादी वायनरी. रविवारी सप्तशृंगी गड आणि येताना ढाब्यावर जेवण. दर ठिकाणी वेटरशी पंधरा मिनिटं हुज्जत आणि बाकीचे बारा जण भुकेने कावलेले, असं व्हायला नको. "सलाड खा" सोडून काहीही सांगा.

पंचवटी_एक्स्प्रेस
"व्हेगन" हा शब्द हॉटेलात काढूच नका. वेटरला "व्हेज" ऐकू येतं, तो मान डोलावतो आणि पनीर आणतो. "जैन" सांगणं त्याहून वाईट. कांदा-लसूण जातो, दूध-तूप जागेवरच राहतं. नुसतं "दूध नको" म्हणूनही भागत नाही, कारण तूप म्हणजे दूध असं आपल्याकडे कोणी धरत नाही. एका दमात सांगा : "दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, क्रीम, मध, काही नको. फोडणी तेलाची." यातलं शेवटचं वाक्य आचाऱ्यापर्यंत पोचलं की निम्मं काम झालं.

मिसळीचं म्हणाल तर मटकीची उसळ, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची तर्री आणि फरसाण यात सहसा दुधाचं काही नसतं. गोची ताटातल्या बाकीच्या गोष्टींत आहे. दह्याची वाटी न मागता येते, म्हणून "बाजूला द्या" नको, "ठेवूच नका" म्हणा. जिलबी आली तर सोडा, पिठात दही आणि तळणात तूप असू शकतं. पाव तव्यावर बटर लावून शेकतात, तेव्हा "लादीतून काढून तसाच द्या" असं ऑर्डर देतानाच सांगायचं. शेकून आल्यावर बोललात तर तोच पाव पुसून परत येतो. साध्या लादीपावात मैदा, यीस्ट, मीठ, तेल एवढंच असतं, पण काही बेकऱ्या दुधाची पावडर घालतात किंवा चकाकीसाठी वरून दूध फिरवतात. शंका आली तर पापड चुरा मिसळीत आणि मोकळे व्हा.

रस्सा_भाकरी
ढाब्याचं सांगतो. तिघांसाठी वेगळी ऑर्डर दिली की घोळ होतो. उलटं करा. टेबलावरच्या सगळ्या भाज्या दुधा-तुपाशिवायच्या मागवा आणि तूप, दही, लोणी वाट्यांत वेगळं घ्या. ज्याला हवं तो वरून घेईल. बारा जणांचं काही बिघडत नाही, आणि आचाऱ्याला एकच सूचना लक्षात ठेवायची असते.

मागवायचं काय? शेवभाजी, भरली वांगी, वांग्याचं भरीत, झुणका, ठेचा, ज्वारी-बाजरीची भाकरी. भाकरीत पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, फक्त वरून लोणी फासू नका म्हणायचं. शेवभाजीला काळ्या मसाल्याचा रस्सा हवा असं सांगा, कारण काही ठिकाणी तयार लाल ग्रेव्हीत शेव सोडतात आणि त्या ग्रेव्हीला शेवटी बटर किंवा क्रीम पडलेलं असतं. पांढऱ्या ग्रेव्हीच्या वाटेलाच जाऊ नका, काजूबरोबर खवा किंवा दही असतं. पिठलं मागवताना "ताकातलं आहे का?" हे विचाराच. नानच्या पिठात दही-दूध असतं. तंदुरी रोटी बहुतेक चालते, पण बटरचा ब्रश चुकवा. डाळ तडक्याला तेलाची फोडणी हवी असेल तर आधी सांगावं लागतं, नंतर "झालीय साहेब" एवढंच उत्तर मिळतं.

आणि आदल्या दिवशी फोन. १५ माणसं रविवारी दुपारी दोनला न सांगता धडकली की आचारी पातेल्यात जे तयार आहे तेच ढवळून देतो, मग तुमची यादी कोण ऐकतंय!

सिन्नरची_सुगरण
गडासाठी डबा घ्या. पण दशम्या नकोत! दशमीचं पीठ दुधात भिजवतात, हे लोक विसरतात. मेथीचे ठेपलेही बरेच जण दह्यात मळतात. त्यापेक्षा तिखट-मिठाच्या पुऱ्या. अर्धा किलो कणीक, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ, आणि पीठ घट्ट. सैल झालं तर पुऱ्या तेल पितात आणि दुसऱ्या दिवशी वातड होतात. तळून झाल्या की तासभर कागदावर पसरून पूर्ण गार करा. गरम डब्यात भरल्या तर झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. सोबत लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी, पाण्याचा थेंब न लावता. तिघांना दोन दिवसांना पाव किलो पुरते. नाशिकचा चिवडा तर आहेच.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका पाहून फसू नका, त्यात दूध आणि मध चालतात. व्हेगनसाठी एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२२ पासून वेगळं चिन्ह आहे, हिरवं "व्ही" आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांत दुधाची पावडर, व्हे, केसीन (ही दोन्ही दुधातलीच प्रथिनं) शोधा. बिस्किटांत हमखास सापडतं.

द्राक्षबाग
वायनरीत एकच प्रश्न विचारा : वाईन स्वच्छ करायला काय वापरलंय? अंड्याचा पांढरा बलक, केसीन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरण्याची पद्धत जगभर आहे, बेंटोनाइट माती वापरली असेल तर काही हरकत नाही. लेबलवर हे बहुधा नसतं. "चीज काढून पिझ्झा" मागवू नका, बेसमध्येच दूध असू शकतं.

कॉलेजरोडकर
झकास. दोन राहिलेल्या गोष्टी : प्रसाद आणि चहा. आणि सरळ "ॲलर्जी आहे" सांगितलं तर?

पंचवटी_एक्स्प्रेस
ॲलर्जी नका सांगू. काही ठिकाणी जबाबदारी नको म्हणून ऑर्डरच घेत नाहीत, आणि तूप त्यात येतं की नाही हा गोंधळ तसाच राहतो. प्रसादात खडीसाखर, फुटाणे, खोबरं चालतं. पेढा हातात घ्या आणि शेजारच्याला द्या, कोणी रागावत नाही. पंचामृतात दूध, दही, तूप, मध सगळंच आहे, तिथे नुसता नमस्कार.

सिन्नरची_सुगरण
चहा कोरा मागा, लिंबू पिळून. सोया दूध न्यायचं तर २०० मिलीचे छोटे खोके घ्या, लिटरचा फोडला की फ्रिज लागतो. उकळत्या चहात सोया दूध ओतलं की फाटतं. कपात आधी दूध घ्या, चहा मिनिटभर निवू द्या, मग हळूहळू त्यावर ओता. आलं घालायचं असेल तर ते चहाबरोबर चांगलं उकळलेलं हवं. आणि लिंबू पिळलेल्या चहात दूध घालायचा प्रयोग गाडीत तरी करू नका.