मदत हवी आहे: तीन नटांत 'अँटिगनी'

नमस्कार मंडळी,
प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' जुन्या अथेन्सच्या पद्धतीने करायचंय: मुखवटे, कोरस (गाणारा-नाचणारा समूह) आणि बोलणारे नट फक्त तीन, सगळे पुरुष. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात याचं नवल नको!)

अँटिगनीची बहीण इस्मिनी आणि पहारेकरी एकाच नटाला जमतात. दोघं कधीच एकत्र रंगमंचावर नसतात. घोडं अडलंय राजा क्रेऑनवर. सर्वांत जास्त बोलतो तोच, म्हणून मला तो पहिल्या (म्हणजे मुख्य) नटाचा वाटत होता. पण अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस इ.स.पू. ३४३ च्या भाषणात आपला प्रतिस्पर्धी, पूर्वी नट असलेल्या एस्किनीसला टोमणा मारतो की तू तिसरा नट, क्रेऑन करायचास. म्हणजे पहिला नट अँटिगनी करत असणार. मग नाटक संपायच्या बरंच आधी अँटिगनीचं काम संपल्यावर पहिल्या नटाला पुढे काय द्यावं? आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस की निरोप्या? आणि मुखवटा बदलायला कोरसचं एक पद पुरतं का? कुणी असं केलंय का?